वॉर्ड, स्किल लॅब की ओपीडी: क्लिनिकल शिकवताना सुरुवात कशाने करावी?

मेडिकल एज्युकेशनचा बेसिक कोर्स करून आलेल्या असिस्टंट प्रोफेसरचा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: ‘सर, यातलं सुरू नेमकं काय करू?’ कोर्समध्ये तीन दिवसांत फ्लिप्ड क्लासरूम, पीबीएल (एखादी समस्या समोर ठेवून शिकणं), सिम्युलेशन (पुतळ्यांवर सराव), वन-मिनिट प्रिसेप्टर आणि स्नॅप्स (या दोन्हींबद्दल पुढे) सगळं कानावरून गेलेलं असतं. परत आल्यावर हाताशी असते एक बॅच, एक युनिट आणि सकाळचे दोन-अडीच तास, तेही राउंड लवकर आटोपला तर. त्यात सगळं बसत नाही. एक काहीतरी निवडावं लागतं.

मी मेडिसिनचा माणूस, नोकरी सरकारी कॉलेजात, त्यामुळे पुढचं सगळं त्याच अंगाने वाचावं. सर्जरी किंवा ऑब्स-गायनीचा हिशेब थोडा वेगळा पडेल. सीबीएमई, हा क्षमतांवर आधारलेला एमबीबीएसचा अभ्यासक्रम, म्हणजे काय, लॉगबुक कसं भरायचं, हे इथे उगाळत नाही. २०१९च्या बॅचपासून ते आपण सगळेच निस्तरतो आहोत.

आधी कागदी केस. याचं मूळ कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात १९६९ मध्ये सुरू झालेल्या पीबीएलमध्ये आहे, पण आपल्याकडे चालतं ते त्याचं आटोपशीर रूप: छापील केस, दहा-बारा मुलं, सेमिनार रूम आणि फॅसिलिटेटर म्हणून तुम्ही. याचे फायदे खरे आहेत. ॲडिसन्स डिसीजसारख्या विरळ आजाराचा पेशंट पोस्टिंगच्या काळात वॉर्डात येईलच असं नाही. कागदावर तो हवा तेव्हा येतो. अभ्यासक्रमातलं काही निसटत नाही. एरवी तोंड न उघडणारी मुलं पेशंट समोर नसला की जरा मोकळी होतात. आदल्या रात्री व्हिडिओ पाठवून वर्गात फक्त चर्चा करायची, हा फ्लिप्ड प्रकारही याच्याशी छान जुळतो. अर्थात व्हिडिओ स्वतः बनवण्याच्या फंदात पडू नये असं माझं मत. नीट-पीजीच्या ॲपवर मुलांकडे आपल्यापेक्षा चांगले व्हिडिओ आधीच असतात, आणि आपलेही ती दुप्पट वेगानेच बघतात.

अडचण अशी की कागदी केस शिजवून, ताटात वाढून येते. ‘४५ वर्षांची स्त्री, एक्झर्शनल डिस्पनिया, ग्रेड टू, सहा महिने’ (म्हणजे श्रमाने लागणारी धाप आणि तिची पायरी) हे वाक्य पेशंट कधी बोलत नाही. ती म्हणते, ‘पाण्याचा हंडा घेऊन घाट चढले की छातीत भरून येतं’, आणि मग मधल्या जावेची गोष्ट सांगते. त्यातून ग्रेड टू काढणं हे आपल्या विषयातलं निम्मं काम, आणि कागदाने ते परस्पर उरकलेलं असतं. ऑल इंडिया कोट्यातून आलेल्या, मराठी नव्याने शिकणाऱ्या मुलांना तर कागद फारच सोयीचा वाटतो. म्हणूनच त्यांच्यासाठी तो मला कमी सोयीचा वाटतो.

स्किल लॅबबद्दल मी थोडक्यात बोलतो, कारण तिथे वाद फारसा नाही. सीपीआर शिकवायचा तर पुतळ्याला पर्याय नाही. पाच ते सहा सेंटिमीटर खोली, मिनिटाला १०० ते १२० चा वेग, छाती पूर्ण वर येऊ देणं, हे माणसावर शिकवता येत नाही आणि येऊही नये. आसमुंड लेर्डाल यांनी १९६० मध्ये रिससी ॲन ही सीपीआरच्या सरावाची पुतळी बाजारात आणली तेव्हापासून हा मुद्दा निकालात निघाला आहे. इंट्युबेशन, कॅथेटर, आयव्ही लाइन यांनाही तेच लागू. शिवाय मोठी स्प्लीन (प्लीहा) असलेल्या एकाच काकांच्या पोटावर एका सकाळी वीस हात पडणं मला हल्ली बघवत नाही. पुतळ्याचं पोट दुखत नाही, हा फायदा लहान नव्हे.

पण हृदयाचे आवाज पुतळ्यावर शिकवण्याबद्दल माझं मन द्विधा आहे. मायामीत मायकेल गॉर्डन यांनी १९६८ मध्ये हार्वे हा कार्डिओलॉजीचा पुतळा जगापुढे आणला, आणि त्याच्या नव्या पिढ्या आज चांगल्या लॅबमध्ये असतात. आवाज सुरेख येतो. इतका सुरेख की वॉर्डात आल्यावर मुलांची पंचाईत होते: वर पंखा, शेजारी नातेवाइकांची गर्दी, पलीकडे ट्रॉलीचं चाक, आणि पेशंट लठ्ठ. ओळख करून द्यायला पुतळा उत्तम. पण त्याच्यावर विसंबून पोस्टिंग काढू नये, इतकंच म्हणेन.

आता ज्या कटकटीने माझा निर्णय ठरला, तिच्याकडे येतो. तिचं नाव फाइल, म्हणजे निदान आधीच लिहून ठेवलेले पेशंटचे कागद.

वॉर्डात बॅच येते, मुलं आधी रेसिडेंटला गाठतात. ‘सर, केस कुठली घेऊ?’ रेसिडेंट रात्रभर जागा, तो म्हणतो, ‘बेड १४ घ्या, एमएस विथ एएफ आहे.’ (हृदयाची मायट्रल झडप अरुंद, आणि वरचा कप्पा, म्हणजे ॲट्रियम, आकुंचन न पावता नुसता थरथरतो.) झालं. यापुढे जे चालतं त्याला हिस्ट्री घेणं म्हणता येत नाही. निदान हातात आहे, त्याला साजेशी हिस्ट्री जमवायची. ‘आजी, लहानपणी सांधे दुखायचे का?’ आजी तीन आठवडे ॲडमिट, याआधी बऱ्याच मुलांना उत्तरं देऊन तयार झालेल्या. त्या म्हणतात, ‘हो, आणि घसा पण यायचा. धाप आणि धडधडीचं आता सांगू की नंतर?’ पेशंटच वायवा देतो आहे.

मग एक्झामिनेशन. मनगटाला बोट लागायच्या आत पल्स ‘इररेग्युलरली इररेग्युलर’ असते. आणि माझा जीव जातो तो पुढच्या वाक्यावर: ‘मिड-डायस्टोलिक मर्मर विथ प्रीसिस्टॉलिक ॲक्सेंच्युएशन.’ म्हणजे झडपेची घरघर, आणि ॲट्रियमच्या आकुंचनाने ती ठोक्याच्या जरा आधी वाढते. अरे, एएफ आहे ना? ॲट्रियमचं आकुंचनच होत नाही, मग ते ॲक्सेंच्युएशन येणार कुठून? ते आलेलं असतं पुस्तकातून. मर्मर खरोखर कुणी ऐकला, हे त्या वाक्यावरून काही कळत नाही. उलट इतकंच कळतं की ऐकायची गरज कुणाला वाटली नाही, उत्तर आधीच ठाऊक होतं.

फाइल सिस्टरकडे ठेवून बघितली. उपयोग शून्य. ड्रग चार्ट पलंगाला लटकलेला असतो, इकोचा कागद उशीखाली असतो, आणि काहीच नसलं तर मुलगा विचारतो, ‘आजी, डॉक्टर काय म्हणाले?’ आजी सांगते, ‘झडप खराब झालीय.’ ॲडमिट पेशंटचं निदान वॉर्डात लपवता येत नाही, आणि लपवूही नये. ते त्याचंच आहे. कागदी केसलाही हीच लागण होते. दोन बॅच झाल्या की केसची उत्तरासह पीडीएफ ग्रुपवर फिरते. पुतळ्याचं निदान तर लॅबच्या टेक्निशियनलाही पाठ असतं.

म्हणजे प्रश्न उरतो तो असा: ज्याचं निदान अजून कुणालाच माहीत नाही असा पेशंट कुठे मिळतो? ओपीडीत, नव्या केसपेपरवर. मात्र ओपीडीत वेळ नसतो, आणि तिथेच वन-मिनिट प्रिसेप्टर आणि स्नॅप्स या दोघांची तुलना करावी लागते.

वन-मिनिट प्रिसेप्टर अमेरिकेतल्या फॅमिली मेडिसिनच्या शिक्षकांनी १९९२ मध्ये मांडलं. मुलगा नवा पेशंट बघतो, दोन मिनिटांत सांगतो, आणि तुम्ही पाच गोष्टी करता: तुला काय वाटतं, कशावरून वाटतं, मग एकच सर्वसाधारण नियम, जमलं ते नेमकं सांगणं, चुकलं ते सुधारणं. स्नॅप्स २००३ चं, क्लीव्हलँडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातलं. त्यात गाडी विद्यार्थी हाकतो. तो थोडक्यात सांगतो, शक्यता दोन-तीनवर आणतो, त्यांची एकमेकींशी तुलना करतो, स्वतःला न कळलेलं सरांना विचारतो, उपचारांची योजना ठरवतो आणि घरी वाचायला एक मुद्दा निवडतो.

कागदावर स्नॅप्स सरस आहे, हे मान्य करायला मला काही वाटत नाही. त्यातली चौथी पायरी, शिष्याने गुरूला प्रश्न विचारण्याची, फार मोलाची आहे. निदान फुटलं तरी प्रश्न फुटत नाही. फक्त आपल्याकडे ही पायरी अडते. पहिली ते बारावी आणि वर क्लासेस, एवढी वर्षं ‘डाउट नाही सर’ म्हणत आलेलं पोर ओपीडीच्या गर्दीत, मागे पेशंट उभे असताना, ‘सर, मला हे कळलं नाही’ असं एकदम म्हणणार नाही. म्हणतं ते ‘सर, ट्रीटमेंट काय?’ दुसरं म्हणजे स्नॅप्ससाठी आधी मुलांना सहाही पायऱ्या शिकवाव्या लागतात. ती त्यात जरा रुळतात तोवर पोस्टिंग संपतं आणि नवी बॅच दारात.

वन-मिनिटमध्ये शिकायचं असतं फक्त तुम्ही. मुलांना त्याचं नावही सांगावं लागत नाही. माझा कल इथेच झुकतो.

पावसाळ्यातली एक ओपीडी घ्या. इंटर्न शेजारी, फायनल इयरची मुलगी समोर. तिने शेतात मजुरी करणाऱ्या एका मावशींना बघितलं: पाच दिवस ताप, अंग मोडून आल्यासारखं, डोकं दुखतं. ‘तुला काय वाटतं?’ ‘सर, फीवरचे डीडी...’ (म्हणजे शक्य निदानांची यादी). ‘डीडी नको. एक सांग.’ इथे जी शांतता पसरते तीच खरी किमतीची, तिला घाई करू नये. ‘डेंग्यू, सर.’ ‘कशावरून?’ ‘सीझन आहे. अंगदुखी आहे.’ ‘ताप पाच दिवसांचा, बाई शेतात वाकून काम करणारी. अजून काय शोधलंस?’ शोधलेलं नसतं. मग नियम: पावसाळ्यात शेतातून ताप घेऊन आलेल्या माणसाचं पूर्ण अंग बघायचं, काख, जांघ, कमरेची नाडी, स्तनांखाली. स्क्रब टायफसची, म्हणजे गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने येणाऱ्या तापाची, काळी खपली दुखत नाही, म्हणून पेशंट ती सांगत नाही. सापडली तर रिपोर्टची वाट न बघता डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक. २०१८च्या पावसाळ्यात विदर्भाने हे चांगलंच अनुभवलंय.

मुलगी पडद्याआड जाऊन पुन्हा बघते. खपली सापडेल किंवा नाही. तिचं निदान बरोबर निघतं की चूक, याने मला फरक पडत नाही. पेशंट समोर असताना तिने स्वतःच्या जबाबदारीवर एक नाव घेतलं आणि त्याला आधार द्यायला ती परत गेली. हे बेड १४ वर माझ्या देखत सहसा घडलं नाही. मोजमाप विचाराल तर माझ्याकडे नाही. कॅज्युअल्टीत ड्यूटीला असलेली जुनी मुलं फोन करतात तेव्हा हल्ली ‘सर, मला अमुक वाटतंय, कारण...’ अशी सुरुवात करतात, एवढंच माझं मापन.

याचे दोष झाकत नाही. वन-मिनिट सिस्टिमॅटिक नाही. आज ताप शिकवला, उद्या कोण येईल ते येणाऱ्यावर. चौथी गोष्ट, जमलं ते सांगणं, आपल्या पिढीला जड जाते. ‘चांगलं केलंस’ एवढं पुरत नाही, ‘मूत्राचं प्रमाण विचारलंस, ते बरोबर’ असं नेमकं म्हणावं लागतं. आणि परीक्षा. प्रॅक्टिकलला लाँग केस असते, तिथे मुलाला पाऊण तास हिस्ट्री घेऊन सलग मांडता आली पाहिजे. दोन मिनिटांच्या सवयीने ती तयारी होत नाही. त्यामुळे फायनलच्या आधीचे दोन-तीन महिने मी निमूटपणे वॉर्डात, बेड १४ वर, जुन्याच पद्धतीने शिकवतो. पालकांनाही तेच शिकवणं वाटतं.

तर कुणी काय घ्यावं? सेकंड इयरची बॅच असेल, अजून स्टेथो कुठे ठेवायचा तेच शिकत असतील, तर स्किल लॅब आणि कागदी केस. ओपीडीत त्यांना उगाच घाबरवू नका. तुमच्याकडे पीजी (पदव्युत्तर विद्यार्थी) असतील आणि ते वर्षभर तुमच्याच युनिटला असतील तर स्नॅप्स जरूर करून बघा, त्यांच्याकडे रुजायला वेळ आहे. थर्ड इयर आणि फायनलची फिरती बॅच असेल, आणि एकच काहीतरी करायची ताकद असेल, तर माझं मत ओपीडीतल्या वन-मिनिटला. तुमचं युनिट वेगळं असेल तर उत्तरही वेगळं असू शकतं.

सुरू करताना तेवढं बघा: आठवड्यातल्या सगळ्यात गर्दीच्या ओपीडीला सुरू करू नका. एका वेळी दोनच मुलं जवळ ठेवा, बाकीच्यांना इंटर्नसोबत बीपी आणि वजनाला बसवा, मग पाळी बदला. नवा केसपेपर असलेलाच पेशंट द्या, जुनी फाइल घेऊन आलेला नको. पेशंटला आधी विचारा, ‘मावशी, ही मुलगी आधी बघेल, मग मी बघतो, चालेल ना?’ बहुतेक जणी हो म्हणतात, कारण एरवी त्यांना इतका वेळ कुणी देत नाही. आणि रेसिडेंटला पहिल्याच दिवशी चहा पाजून सांगा की मुलांनी निदान विचारलं तर सांगायचं नाही.