घरच्या गॅरेजात टू-पोस्ट लिफ्ट: काही महिने वापरल्यानंतर

गाडी उचलायची लिफ्ट घ्यायची म्हटली की पहिला प्रश्न सगळे एकच विचारतात: किती टनाची? हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारला तरी चालतो. साध्यातली साधी टू-पोस्ट लिफ्टही (दोन खांब आणि गाडीखाली जाणारे चार आर्म असलेली) साडेतीन-चार टन उचलते आणि घरची गाडी दोन टनांच्या पुढे क्वचितच जाते. भलीमोठी पिकअप किंवा जड बॅटरीची इलेक्ट्रिक एसयूव्ही असेल तर एकेका आर्मचा हिशोब करावा लागतो. चार टनांची लिफ्ट म्हणजे एका आर्मवर एक टन, आणि इंजिन पुढे असलेल्या गाडीचं साठ टक्क्यांच्या आसपास वजन पुढच्या दोन आर्मवर येतं. बाकीच्यांनी टन बाजूला ठेवून छत, जमीन आणि आर्म पूर्ण खाली असतानाची उंची, एवढं मोजावं. लिफ्ट काही महिने वापरल्यावर माझं हे मत आणखी पक्कं झालंय.

मी टू-पोस्ट का घेतली, ते आधी सांगतो. मला ब्रेक, सस्पेंशन, क्लच, सायलेन्सर अशी कामं करायची असतात, आणि त्यासाठी चाकं मोकळी लटकायला हवीत. फोर-पोस्टमध्ये गाडी पट्ट्यांवर चढवायची असते, म्हणजे चाकं टेकलेलीच राहतात. ती उचलायला मधे सरकणारा वेगळा जॅक लागतो. ऑइल बदलायचं आणि एका गाडीखाली दुसरी लावायची, एवढंच काम असेल तर मात्र फोर-पोस्ट उत्तम, आणि बहुतेक मॉडेल जमिनीत बोल्ट न ठोकताही उभी राहतात. कात्रीसारखी उघडत वर जाणारी अर्ध्या उंचीची सिझर लिफ्ट टायर-ब्रेकसाठी झकास आहे, पण तिचा सांगाडा नेमका गाडीच्या पोटाखाली येतो. गिअरबॉक्स उतरवणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

आता छत. हिशोब सोपा आहे: गाडीची उंची अधिक जितकं वर न्यायचं तेवढं, आणि वर थोडी मोकळी जागा. दीड मीटर उंचीची सेडान 1.8 मीटर वर नेली की 3.3 मीटर झाले. हल्लीच्या एसयूव्हीला तेवढं वर नेणं बऱ्याच गॅरेजांत जमणार नाही. पण तेवढं न्यायलाच हवं असंही नाही. माझं छत मध्यम उंचीचं आहे, गाडी पूर्ण वर जात नाही, आणि चाकाच्या स्टुलावर बसून काम करायला ती अर्धवट उंचीच जास्त सोयीची पडते. टेपने छत मोजताना शटर विसरू नका. वर सरकणारं शटर उघडलं की त्याचे रूळ आणि मोटर नेमके गाडीच्या टपावर येतात. तिथली उंची वेगळी मोजायची. बॉनेट आणि डिकी उघडी ठेवूनही मोजा, कारण काम करताना बॉनेट उघडंच असतं.

छतावरून आणखी एक निवड ठरते. टू-पोस्टच्या दोन्ही खांबांना जोडणाऱ्या तारा आणि तेलाच्या नळ्या (होज) वरच्या आडव्या बीममधून नेता येतात किंवा खाली जमिनीवरच्या पट्टीखालून. वरून नेणारी लिफ्ट साडेतीन मीटरच्या वर जाते. खालून नेणारी तीन मीटरच्या आत बसते. मला दुसरी घ्यावी लागली. तिचा त्रास रोजचा आहे, त्याबद्दल पुढे सांगतो.

जमिनीवर मात्र जितका वेळ घालवाल तितका कमीच. हायड्रॉलिक लिफ्टची सुरुवात 1925 साली मेम्फिसच्या पीटर लुनाटीने केली; न्हाव्याच्या वर-खाली होणाऱ्या खुर्चीवरून त्याला ती सुचली असं सांगतात. त्या जुन्या लिफ्टचा दट्ट्या जमिनीत खोल गाडलेला असायचा, त्यामुळे वजन सरळ खाली जायचं. आजची टू-पोस्ट फरशीवर उभी असते आणि गाडी खांबापासून लांब, आर्मच्या टोकाशी असते. गाडी वर गेली की दोन्ही खांब आतल्या बाजूला झुकू पाहतात. पायाच्या प्लेटची आतली कड काँक्रीटमध्ये रुतू बघते, बाहेरच्या बाजूचे बोल्ट वर उपसले जाऊ बघतात. सगळा खेळ त्या मूठभर बोल्टांचा आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या काँक्रीटचा आहे.

पुष्कळशा पुस्तिकांमध्ये किमान 100 मिलिमीटर जाडी आणि 3000 पीएसआयचं, म्हणजे साधारण 20 मेगापास्कलचं काँक्रीट मागितलेलं असतं. काही 150 मिलिमीटर मागतात. आपल्या लिफ्टची पुस्तिका काय म्हणते तेच प्रमाण. फरशी किती जाड आहे हे कुणाच्या सांगण्यावर जाऊ नये. मी लिफ्टच्या जागेजवळ लहान भोकं आरपार पाडली, तारेचं टोक काटकोनात वाकवून आत घातलं, खालच्या कडेला अडकवलं आणि वर बोटाने खूण करून बाहेर काढून मोजलं. एका खांबाखाली जाडी भरपूर निघाली, दुसऱ्याकडे फरशी पातळ होत गेली होती. वरून बघून हे कुणालाही कळलं नसतं.

मग दोन्हीकडे चौकोन कापून, खोल खणून, सळया बांधून नवं काँक्रीट ओतून घेतलं. गवंड्याचं म्हणणं होतं, आठवड्यात बोल्ट मारा, काही होत नाही. काँक्रीटची ताकद 28 दिवसांच्या हिशोबाने धरतात, आणि तेवढे दिवस लिफ्ट खोक्यातच राहिली. या एका बाबतीत मिस्त्रीचं, शेजाऱ्याचं, दुकानदाराचं, कुणाचंच ऐकू नये. फरशी पोस्ट-टेन्शन प्रकारची असेल, म्हणजे आत ताणलेल्या केबल असतील, तर जाणकार इंजिनिअरला दाखवल्याशिवाय ड्रिलच लावू नये. केबल कापली गेली तर जिवावर बेतू शकतं. फरशीखालून गरम पाण्याच्या नळ्या गेल्या असतील तरी तेच.

बसवणं दोघा-तिघांचं काम आहे. खांब जड असतात आणि एकट्याने उभे करण्यात बहादुरी नाही. मध्यरेषा आखली, तिच्याशी काटकोनात खांबांची रेषा मारली आणि चौकोनाचे कर्ण मोजून जुळवले. भोकं पाडायला रोटरी हॅमर भाड्याने घ्या, घरचा ड्रिल बिचारा रडतो. 18-20 मिलिमीटरच्या भोकात धूळ राहिली की वेज अँकर, म्हणजे भोकात फुलून बसणारा बोल्ट, नीट पकडत नाही, म्हणून प्रत्येक भोक ब्रशने घासून, व्हॅक्यूमने ओढून साफ केलं. हे काम कंटाळवाणं आहे आणि नेमकं इथेच लोक घाई करतात. खांब ओळंब्यात आहे की नाही ते मी पाणसळीने बघितलं आणि वर दोरीचा खरा ओळंबाही सोडला. कमी-जास्त होतं तिथे प्लेटखाली लोखंडी पॅकिंग सारलं. पॅकिंगची कमाल जाडी पुस्तिकेत दिलेली असते. त्याहून जास्त लागत असेल तर फरशीच दुरुस्त करायला हवी. बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळायचे. ठरलेल्या टॉर्कला पोहोचायच्या आधी बोल्ट नुसता फिरत राहिला तर त्या जागेवर भरवसा ठेवायचा नाही.

विजेचं थोडक्यात. माझा पॉवर पॅक, म्हणजे तेल ढकलणारी मोटर आणि पंप, 2.2 किलोवॅटचा, सिंगल फेज. 230 व्होल्टवर चालू असताना तो पंधरा अँपिअरच्या आसपास घेतो, पण सुरू होताना क्षणभर कितीतरी पट जास्त ओढतो. म्हणून स्वतंत्र लाइन, जाड वायर आणि मोटरचा धक्का सोसणारा डी प्रकारचा एमसीबी. घरातला नेहमीचा एमसीबी बटण दाबताच पडला तर दोष लिफ्टचा नसतो. वायर पातळ असली की मोटर नुसती गुणगुणते आणि गाडी हलत नाही.

पहिली गाडी चढवायच्या आधी रिकामी लिफ्ट वर-खाली करून तेलातली हवा काढावी लागते आणि दोन्ही बाजूंच्या समतोल तारा जुळवाव्या लागतात. इथे कान कामाला येतात. लिफ्ट वर जाताना दोन्ही खांबांतले लॉक ‘टक, टक’ करत दात पकडतात. तारा जुळलेल्या असतील तर दोन्हीकडचे आवाज जवळजवळ एकत्र येतात. एक बाजू मागे पडली की ‘ट-टक, ट-टक’ असं दुहेरी ऐकू येतं. नव्या तारा सुरुवातीला ताणल्या जातात, त्यामुळे काही आठवड्यांनी तो दुहेरी आवाज परत आला. नट थोडे आवळल्यावर गेला. अँकर बोल्टही तेव्हाच पुन्हा टॉर्कला तपासले. आता गाडी वर नेताना मी कुणाशी बोलत नाही, आवाज ऐकत राहतो.

गाडी उचलण्याची पद्धत ठरून गेली आहे. आर्मच्या टोकाचे रबरी पॅड गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या जागीच लावायचे. बहुतेक गाड्यांना दाराखालच्या कडेला मजबूत केलेल्या चार जागा असतात, शिडीसारखी चासी असेल तर चासीलाच. चाकं जमिनीवरून वीतभर सुटली की थांबायचं, खाली वाकून चारही पॅड बघायचे आणि गाडीला बंपरपाशी चांगला धक्का द्यायचा. हलली, सरकली तर खाली घ्यायची. हवी ती उंची आली की पुन्हा थोडं खाली आणून वजन लॉकवर बसवायचं. होजमधल्या तेलावर तोललेल्या गाडीखाली मी जात नाही, दोन मिनिटांसाठीही नाही. इंजिन किंवा मागचा ॲक्सल काढायचा असला की तोल बदलतो, म्हणून दुसऱ्या टोकाला उंच स्टँडचा आधार देतो.

आर्मच्या उंचीचं महत्त्व इथेच कळतं. माझे आर्म पूर्ण खाली असताना पॅडसकट 100 मिलिमीटरच्या थोडे वर आहेत. नेहमीच्या गाड्यांखाली आरामात जातात, पण मित्राची खाली बसवलेली स्पोर्ट्स कार आली की आधी तिला लाकडी फळ्यांवर चढवावं लागतं. पुढचे आर्म आखूड आणि खांब थोडे फिरवलेले, असा असममित प्रकार मी घेतलाय, त्यामुळे गाडी जरा मागे उभी राहते आणि दार खांबाला न लागता उघडतं. इलेक्ट्रिक गाडीचं वजन पुढे-मागे बरंचसं सारखं असतं. तिच्यासाठी सममित आर्म बरे. तिथे बॅटरीच्या खोक्याला पॅड लागणार नाही याची खात्री करून घ्यायची.

आता तक्रारी. जमिनीवरची ती पट्टी. गिअरबॉक्सचा जॅक तिच्यावरून नेताना चाकं अडकतात, आणि वर जड गिअरबॉक्स डोलत असताना ते अडकणं अजिबात गमतीचं नसतं. दोन्ही बाजूंना लाकडी उतार करून ठेवलेत, काम भागतं. छत परवानगी देत असेल तर वरच्या बीमवालीच घ्या, तिथे वाद नाही. पट्टीच्या झाकणाचे स्क्रूही टुकार दर्जाचे निघाले, लगेच गंजले. एका होजच्या जोडातून तेल पाझरत होतं. विक्रेत्याने फोनवर ‘सुरुवातीला होतं असं’ म्हणून बोळवण केली. सील बदलल्यावर थांबलं, म्हणजे सुरुवातीचा काही संबंध नव्हता. मराठी सोडा, कुठल्याच भाषेत धड न लिहिलेली पुस्तिका हा आणखी एक ताप. लिफ्टवर स्वतंत्र तपासणीची खूण आहे का ते घेतानाच बघा: उत्तर अमेरिकेत एएलआय (ऑटोमोटिव्ह लिफ्ट इन्स्टिट्यूट) या संस्थेचं लेबल असतं, युरोपात ईएन 1493 हे मानक लागू होतं.

उजेडाचा विचार फार कमी लोक करतात. गाडी वर गेली की छताच्या दिव्यांचा उजेड तिच्यावरच पडतो आणि खाली अंधार. खांबांना उभ्या एलईडी पट्ट्या लावल्यावर काम खऱ्या अर्थाने सुरू झालं. गॉगल तर हवाच, वर बघताना गंज आणि वाळलेला चिखल थेट डोळ्यात येतो. पाठीचं दुखणं कमी झालं, मान मात्र आता दुखते.

देखभाल फारशी नाही. सरकणाऱ्या भागांना ग्रीस, तारांचे धागे तुटलेत का ते कापड फिरवून बघणं (हात फिरवू नका, तुटका धागा बोटात घुसतो), रबरी पॅड तडकले की बदलणं, आर्मच्या लॉकचे दात घासून साफ ठेवणं. वर्षातून एकदा जाणकाराकडून तपासून घेणार आहे.

दोन गाड्या एकावर एक ठेवायला म्हणून कुणी टू-पोस्ट घेत असेल तर माझा सल्ला नको असाच आहे. लॉकवर गाडी राहते, पण खाली गाडी लावताना दर वेळी खांबांमधून अंग चोरावं लागतं आणि लटकलेल्या सस्पेंशनचे रबरी बुश महिनोन्महिने पिळलेले राहतात. त्या कामाला फोर-पोस्ट घ्या, आणि पट्ट्यांच्या मधल्या जागेत गळतीचे ट्रे बसवूनच घ्या. वरच्या गाडीचं तेल खालच्या गाडीच्या टपावर पडलं की ते वेळीच पुसलं तरी डाग राहतो.