नॉक्टुआचा १२० एमएम फॅन: बेअरिंगचं तेल आतच राहतं

पीसीचा फॅन घेताना सगळे आरपीएम नि लाइटिंग बघतात, पण खरा जीव बेअरिंगमध्ये, म्हणजे फॅनचा दांडा (शाफ्ट) ज्यात फिरतो त्या भागात असतो. साध्या स्लीव्ह बेअरिंगचं तेल कडेनं हळूहळू निसटतं, मग घरघर सुरू, फॅन आडवा बसवला असेल तर अजूनच लवकर. फ्लुइड बेअरिंगमध्ये तिरक्या खाचा असतात, शाफ्ट फिरला की त्या तेल मधे ढकलतात आणि टोकाची फट इतकी बारीक की पृष्ठताणामुळे तेल बाहेर येतच नाही, मला तर हे डिझाइन जाम आवडतं! नॉक्टुआ कंपनीच्या एसएसओ२ नावाच्या फ्लुइड बेअरिंगमध्ये शिवाय मॅग्नेटपण आहे, तो रोटर (फिरणारा भाग) स्थिर धरतो. वॉरंटी ६ वर्षं. महाग आहे पण घ्याच, आणि प्लीज वरून मशीनचं तेल सोडू नका.