सहा ट्रेकचा पास आणि बावीस जणांत एक भिंग

काल ट्रेकवाल्यांचा मेसेज आला : रद्द झालेल्या हरिहर ट्रेकची रक्कम पुढच्या सीझनला वळती करू. रोख परत मिळणार नाही. मग सप्टेंबरपासून साचलेलं आज लिहूनच टाकते.

आधी हिशेब. ‘ज्वालामुखी वारी’ या नावाचा सहा एकदिवसीय ट्रेकचा पास ५,१०० रुपयांना. सुटा ट्रेक ९५०. सहाशे वाचले म्हणून मी खूश. हरिहर गाइडच्या तापामुळे बुडाला, पाचच पदरात पडले, म्हणजे ट्रेकमागे १,०२०. पास काढून मी सुट्या गिऱ्हाइकापेक्षा दर ट्रेकला सत्तर रुपये जास्त मोजले. अकाउंट्समध्ये वीस वर्षं काढलेल्या बाईला हे झोपू देत नाही.

पण खरं भांडण भिंगावरून आहे. जाहिरातीत छापलं होतं, ‘भिंगातून दगड वाचायला शिका.’ पहिल्याच ट्रेकला, पांडवलेण्यांवर, बावीस माणसांत भिंग निघालं एक! लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकले, पुढे त्या पोकळ्यांत पाणी झिरपून झिओलाइटचे पांढरे स्फटिक जमले, हे गाइडने छान समजावलं. माझा नंबर येईपर्यंत पुढच्या काकांनी भिंग डोळ्याला लावून तीन सेल्फी काढले. मग ‘चला, ऊन वाढतंय.’

अंजनेरीला पाऊस, शेवाळ आणि माझं घसरणं. रामशेज सोपा, बरा.

तोवर गाइडबद्दलही माझं मत चांगलं नव्हतं. पोस्टरवर लाल लाव्हा ओकणारा शंकूसारखा डोंगर. नाशिकमध्ये असा डोंगर कुठाय? दर वेळी विचारायचे, ज्वालामुखीचं तोंड कुठे आहे? पोरगा हसायचा. ‘ताई, धोडपला दाखवतो.’ मला वाटलं, टोलवतोय.

डिसेंबरात धोडप झाला. वडाळीभोईहून आत हट्टी गाव, तिथून चढ. माथ्याजवळ कातळाची ती लांब उभी भिंत आणि मधोमध तिला पडलेली खाच. खाचेपाशी बसवून तो म्हणाला, ‘तोंड नाहीच ताई. जमीन फाटली आणि भेगांतून रस वर आला. ही भिंत म्हणजे अशाच एका भेगेत थिजलेला रस. आजूबाजूचा दगड झिजला, ही उरली.’ समोर सातमाळेचे डोंगर, रवळ्या-जवळ्या, मार्कंड्या, सप्तशृंग. सगळ्यांच्या अंगावर त्याच आडव्या पायऱ्या, एकेक पायरी म्हणजे लाव्हाचे थर. ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. त्या दिवशी माझे दोन स्टार चार झाले. १७६८ साली माधवरावांनी राघोबादादांना इथेच हरवलं, हे त्याने दोन वाक्यांत उरकलं, त्याचंही कौतुक. नाहीतर हल्ली प्रत्येक गडावर तासभर व्याख्यान ऐकावं लागतं.

पुढे म्हणाला, अशा भिंतीच्या कडेचा दगड लवकर थंड होतो म्हणून दाणे बारीक, मधला सावकाश म्हणून मोठे, भिंगातून फरक बघा. मी सतरावी. बाराव्या नंबरला भाकरी तयार असल्याचा फोन आला आणि रांग मोडली. (पिठलं-भाकरी, ठेचा उत्तम. त्यात खोट काढणार नाही.)

दुसऱ्याच दिवशी मेनरोडला घड्याळ दुरुस्तीवाल्याकडून १८० रुपयांचं भिंग घेतलं. खरं तर पासच्या हिशेबात हेही धरायला हवं. घरी पहिला बळी सासूबाईंचा पाटा, गॅलरीत कुंडीखाली पडलेला. धुऊन उन्हात धरला, तर काळ्या दगडात बारीक चमकत्या काड्याच काड्या! सासूबाईंना दाखवल्या. त्या म्हणाल्या, ‘चमकतंय ते असू दे, त्याला टाकी लावून आण आधी.’

शेवटचा अनकाई. मी भिंग गळ्यात अडकवूनच गेले. त्यांचं एकुलतं एक गाडीतच राहिलं होतं. गाइड हळूच जवळ आला, ‘ताई, जरा देता का? सगळ्यांना दाखवतो.’

दिलं. दोरी मात्र गळ्यातून काढली नाही. एकवीस जण एकेक करून माझ्यापाशी वाकून दगड बघून गेले, सेल्फीवाले काका सगळ्यात शेवटी.