जाहिरातीत सगळे वर्ण, बाटल्यांत मात्र मोजकेच

‘प्रत्येक त्वचेसाठी’ असा दावा करणाऱ्या एका लिक्विड फाउंडेशनचा हा अभिप्राय आहे. कंपनीचे नाव देत नाही, कारण असा दावा करणाऱ्या कंपन्या अनेक आहेत आणि त्या साऱ्यांना हीच कसोटी लावायला हवी.

प्रसाधन म्हणून त्यात गुण निश्चितच आहेत. ते पातळ आहे, बोटांनीही एकसारखे पसरते, कोरड्या त्वचेवर पापुद्रे उठू देत नाही आणि घाम आला तरी ओघळत नाही. माझ्या एका गोऱ्या मैत्रिणीला त्यातली शेड पहिल्याच प्रयत्नात अशी बेमालूम बसली, की चेहऱ्यावर काही लावले आहे हे ओळखू येऊ नये.

माझा वर्ण गडद सावळा आहे आणि त्याला पिवळसर झाक आहे. माझ्या वर्णाच्या आसपास श्रेणीत दोनच शेड आहेत. त्यांपैकी एक तांबूस दिसते. दुसरी जबड्याच्या कडेला लावून खिडकीच्या उजेडात पाहिली, तर गळ्याचा रंग जिथे सुरू होतो तिथे राख फासल्यासारखा पट्टा उमटतो. याचे कारण घटकांत आहे. फाउंडेशनचा रंग मुख्यतः पांढऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडपासून आणि लाल, पिवळ्या व काळ्या आयर्न ऑक्साइडपासून साधला जातो. गोऱ्या त्वचेसाठी बेतलेल्या मिश्रणातला पांढरा तसाच ठेवून वर नुसता काळा वाढवला, की राखाडी छटा येणारच. गडद वर्णासाठी पांढरा कमी करून लाल-पिवळ्याचा मेळ नव्याने घालावा लागतो. ही मेहनत गोऱ्या टोकाकडे घेतलेली दिसते. तिथे शेजारच्या दोन शेडमधला फरकही डोळ्यांना जेमतेम कळतो.

जाहिरात मात्र वेगळेच चित्र उभे करते. तिच्यात निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया एका रांगेत उभ्या आहेत, आणि कडेच्या सर्वांत काळ्या स्त्रीला बसेल अशी एकही शेड या श्रेणीत नाही. म्हणजे जिचा चेहरा वापरून हे उत्पादन विकले जाते, तिला ते विकत घेता येत नाही. शिवाय त्या रांगेत वर्ण बदलला तरी चेहऱ्याची घडण बदलत नाही: साऱ्यांचे नाक सरळ आणि अरुंद, केस लांब आणि मऊ. कुरळ्या केसांची, रुंद नाकाची, जाड ओठांची स्त्री तिथे नाही. सौंदर्याचा साचा जुनाच ठेवून त्यात फक्त रंग बदलले आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. कंपनीच्या ॲपमध्ये स्वतःच्या चेहऱ्यावर शेड पाहण्याची जी चाचणी आहे, तिच्यातही शेड निवडण्यापूर्वीच माझा चेहरा उजळ दिसू लागतो. आरशात दिसणाऱ्या वर्णाला शेड जुळवायची असताना हे अक्षम्य आहे.

हे काम अशक्य नाही, हे सप्टेंबर 2017 मध्ये गायिका रिहानाच्या फेंटी ब्युटी या प्रसाधन कंपनीने दाखवून दिले. पहिल्याच दिवशी 40 शेड बाजारात आल्या, पुढे त्या 50 झाल्या. त्यानंतरच्या महिन्यातच डव्हची एक छोटी चित्रफीत वादात सापडली. तिच्यात अंगातला टॉप काढताच कृष्णवर्णीय स्त्रीच्या जागी गोरी स्त्री दिसत होती, आणि कंपनीला माफी मागावी लागली. 2020 मध्ये लॉरेआलसह काही कंपन्यांनी गोरेपणाचे शब्द वेष्टनांवरून हटवले. ते योग्यच झाले, परंतु शब्द गेल्याने शेड वाढत नाहीत.

मी कंपनीला पत्र लिहिले. उत्तर तत्परतेने आणि सौजन्याने आले: गडद शेडना मागणी कमी असते. जी शेड दुकानात ठेवलीच नाही तिची मागणी मोजणार कशी, हे मी पुन्हा विचारले आहे. बाटली त्यांनी विनातक्रार परत घेतली, हे नमूद करणे आवश्यक आहे.

गोऱ्या किंवा गव्हाळ वर्णाच्या व्यक्तींनी हे फाउंडेशन अवश्य घ्यावे. गडद वर्णाच्या व्यक्तींनी आधी नमुना मागावा, तो हाताच्या पाठीवर न लावता जबड्यावर लावावा आणि सुकल्यानंतर दिवसाच्या उजेडात पाहूनच पैसे द्यावेत.