आयपॉडचा स्पीकर डॉक, नऊ महिने वापरल्यावर

आधीच सांगते, हा माझा दुसरा डॉक, म्हणजे ज्याच्यावर आयपॉड खोचून उभा करायचा की गाणी वाजतात तो स्पीकर. पहिला तीन आठवड्यांत नकोसा झाला. बिघडला वगैरे नव्हता, धडधाकट होता, आजही दादाच्या खोलीत दणदणीत वाजतोय. पण मी भलत्याच गोष्टी बघून घेतला होता आणि ते घरी आणल्यावर पहिल्याच रात्री कळलं. कंपन्यांची नावं देत नाहीये, कारण दोन्ही डॉक जुने, वापरलेले, आधीच्या मालकाने त्यांचे काय हाल केले असतील मला काय माहीत.

माझा आयपॉड क्लासिक आहे, १६० जीबीवाला, २००९ चा. अजून ठणठणीत चालतो. ब्लूटूथ स्पीकर घे ना, असं सगळ्यांनी सांगून झालं, पण क्लासिकला ब्लूटूथच नाही आणि मला त्याच्यावरचं ते चाक फिरवत फिरवत गाणं शोधायची सवय आहे, ती काही सुटत नाही. खाली तो ३० पिनांचा रुंद सॉकेट, २००३ पासून आयपॉडला आलेला, आणि त्यावर बसणारे डॉक तेव्हा ढिगाने निघाले. मग २०१२ मध्ये ॲपलने छोटं लाइटनिंग कनेक्टर आणलं आणि हळूहळू हे डॉक अडगळीत गेले. त्यामुळे आता घ्यायचा तर वापरलेलाच घ्यावा लागतो, आणि वापरलेला म्हटलं की ऐकून बघायला मिळतं हा फायदा. तो फायदा मी पहिल्या वेळी वाया घालवला.

झालं काय, विकणाऱ्याने माझा आयपॉड डॉकवर बसवला, आवाज चढवला, टेबल थरथरायला लागलं, मी खूश. वर डब्यावर वॅटचा मोठा आकडा. आता कळतंय की तो आकडा पीएमपीओचा होता, म्हणजे क्षणभर ताणून जेवढं निघेल तेवढं, खरं बघायचं ते आरएमएस, म्हणजे सतत जेवढं निघतं ते. आणि तेही बघून फार काही हाती लागत नाही, कारण वॅट दुप्पट झाले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. म्हणजे १० वॅटचा आणि २० वॅटचा डॉक यात जीव टाकण्यासारखं काही नाही. पण त्या दिवशी मला २० हा आकडा १० पेक्षा मोठा दिसला, बास.

घरी आणला. रात्री साडेअकरा, सगळे झोपलेले, मी म्हटलं हळू लावू. व्हॉल्यूम शून्यावर. एकदा प्लस दाबलं. शांतता. परत दाबलं आणि एकदम खोलीभर गाणं! बाबा पलीकडून, अगं काय चाललंय. मायनस दाबलं की एकदम गायब. म्हणजे काहीच नाही आणि जास्तच, या दोघांच्या मध्ये पायरीच नाही. चाकाने कमी करू म्हटलं तर चाक फिरवून काही फरक पडेना, मला वाटलं आयपॉडच गेला. तसं नसतं, खालच्या सॉकेटमधून जो आवाज बाहेर येतो तो लाइन-आउट, ठरलेल्या एकाच पातळीचा, त्याच्यावर चाकाची सत्ता चालत नाही, कमी-जास्त करायचं ते डॉकनेच. एरवी ही चांगली गोष्ट आहे, हेडफोनच्या ॲम्प्लिफायरमधून आवाज दोनदा शिजून येत नाही, स्वच्छ येतो. पण डॉकच्या पायऱ्या ओबडधोबड असतील तर सुटका नाही.

दुसरं, हळू आवाजात त्या डॉकचा सगळा दम निघून जायचा. दिवसा जो डग्गा छातीत घुमायचा तो रात्री पत्र्याच्या डब्यावर बोट मारल्यासारखा. हा दोष निम्मा आपल्या कानाचाही आहे. बेल लॅब्सच्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं की आवाज कमी केला की कानाला खालचे स्वर मधल्या स्वरांपेक्षा खूपच जास्त कमी ऐकू येतात. जुन्या म्युझिक सिस्टिमवर लाउडनेस नावाचं बटण असायचं ते याच्यासाठीच. काही डॉकमध्ये हे आतल्या आत आपोआप होतं, आवाज कमी असताना बेस वाढवतात आणि वर नेला की काढून घेतात म्हणजे छोटा स्पीकर फाटत नाही. पहिल्यात असलं काही नव्हतं. आणि मी मोठ्याने ऐकते तरी कधी? आठवड्यातून एकदा, घर आवरताना. बाकी सगळं ऐकणं पहाटेचं नाहीतर रात्रीचं, पुटपुटल्यासारखं.

तर दुसरा घेताना मी विकणाऱ्याला म्हटलं, आधी काहीच लावू नका, नुसता चालू करा. तो बघतच राहिला. मी जाळीला कान लावला. सूंऽऽ असा बारीक आवाज सगळ्यांतच असतो, पण हातभर अंतरावरून ऐकू आला तर रात्री तोच ऐकत बसावं लागतं, विशेषतः नुसता तानपुरा चालू असेल तेव्हा. या डॉकचा तो आवाज कान चिकटवल्यावरच ऐकू येत होता. मग प्लस एकेकदा दाबत गेले. एक, दोन, तीन, चार, सगळ्या पायऱ्या वेगळ्या कळत होत्या, एकवर तर गाणं आहे की भास असं वाटावं इतकं कमी. मग तीनवर ठेवून तबल्याचा एक ट्रॅक, आणि डग्ग्याची मींड ऐकू आली. घुमली नाही, पण कुठून कुठे गेली ते कळलं. तेवढ्यावर घेतला. मोठ्याने शेवटी एकदाच लावून बघितला, तेही स्पीकर फाटका नाही ना एवढंच बघायला, कारण जुन्या स्पीकरच्या कडेचा फोम कुजतो आणि मग खालच्या स्वरांना फर्रफर्र होतं.

नऊ महिने झाले, तो रोज तीन-चारवर वाजतोय.

आता घरातली जागा. हे मला कोणी सांगितलं असतं तर दोन आठवडे वाचले असते. बऱ्याच डॉकच्या मागे एक भोक असतं, बेसची हवा तिथून बाहेर येते. मी तो फडताळाच्या कोपऱ्यात, भिंतीला टेकवून ठेवला होता आणि सगळं गाणं मडक्यात तोंड घालून म्हटल्यासारखं यायला लागलं. भिंतीजवळ खालचे स्वर फुगतात, कोपऱ्यात आणखीन फुगतात. वीतभर पुढे ओढला, सुधारला. पण मजा अशी की रात्री तीनवर ऐकताना तोच फुगवटा बरा वाटतो, कानाला जे कमी पडतं ते भिंत भरून देते! म्हणून आता दिवसा पुढे, रात्री मागे, हा माझा लाउडनेसचा बटण-बिटण जो काय तो. मग फडताळाच्या काचा एका ठरावीक सुराला किणकिणायच्या. डॉकखाली जुना माउसपॅड घातला, बंद. स्टिरिओ वगैरे विसरा, दोन स्पीकर वीत-दीड वीत अंतरावर असले तर समोर बसून काय डावं-उजवं कळणार, आणि डॉकसमोर बसतं कोण.

बसवण्याचा भाग जरा नाजूक आहे. प्रत्येक मॉडेलची जाडी वेगळी म्हणून डॉकबरोबर प्लॅस्टिकचे साचे यायचे, आपल्या आयपॉडचा साचा खाचेत बसवायचा की तो ताठ उभा राहतो. वापरलेल्या डॉकबरोबर ते साचे कधीच मिळत नाहीत, कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये मेलेले असतात. साचा नसला की आयपॉडचं सगळं वजन त्या बारक्या कनेक्टरवर, आणि चाक फिरवताना आपण मागे ढकलतोच. आठवड्याभरात मला दिसलं की तो मागे कलतोय आणि कललेला असताना उजवीकडचा स्पीकर मधूनच गप्प होतोय. एक खोडरबर घेतलं, ब्लेडने तिरकं कापलं, आयपॉडच्या पाठीमागे खाचेत दाबून बसवलं. पहिला काप जाड झाला, दुसरा बरोबर बसला. अजून तेच आहे, काळं पडलंय, पण आयपॉड हलत नाही. ही गोष्ट लहान वाटेल, पण डॉक मरतात ते बहुतेक तिथेच, त्या मानेत.

चार्जिंगचा घोळ वेगळा. माझा क्लासिक डॉकवर छान चार्ज होतो. दादाने त्याचा छोटा आयपॉड नॅनो आणून लावला, २००८ चा, गाणं वाजलं पण चार्ज होईना, स्क्रीनवर सूचना आली की या ॲक्सेसरीवर चार्जिंग होणार नाही. दादा म्हणे तुझा डॉक भंगार. डॉकची चूक नाही. जुने डॉक फायरवायरच्या (यूएसबीसारखीच एक जुनी जोडणी) पिनांवरून १२ व्होल्ट द्यायचे, आणि २००८ च्या आसपास क्लासिक सोडून बाकी नव्या मॉडेलांनी त्या पिनांवरून चार्ज घेणं सोडलं, फक्त यूएसबीचे ५ व्होल्ट. म्हणून घेताना आपलंच यंत्र लावून बॅटरीच्या चित्रावर वीज उमटते का तेवढं बघा, विकणाऱ्याचं लावून बघण्यात अर्थ नाही. लाइटनिंगवाल्यांचं तर अजून वेगळं, त्या सॉकेटमधून आवाज डिजिटल येतो, त्यामुळे ३० पिनांचा जो अडॅप्टर लागतो त्याच्या पोटातच डिजिटलचं ॲनालॉग करणारी चिप हवी. नुसता आकार बदलणारा स्वस्तातला तुकडा घेतलात तर चार्ज होईल, गाणं नाही.

आणि ऑक्स. डॉक घेताना मागे ऑक्सचं, म्हणजे दुसऱ्या यंत्राचा आवाज वायरने आत घ्यायचं, ३.५ मिमीचं भोक आहे का बघाच, मी बघितलं नव्हतं, नशिबाने होतं. पाहुणा फोन घेऊन आला, लॅपटॉपवर काही ऐकायचंय, साध्या वायरने लागतं. आणि रात्री अगदी बारीक ऐकायचं असेल तेव्हा मी आयपॉड डॉकवर बसवतच नाही, हेडफोनच्या भोकातून ऑक्सला वायर, डॉक पाचवर आणि बाकी चाकाने. चाकाच्या पायऱ्या इतक्या बारीक आहेत की पाहिजे तिथे नेमका थांबवता येतो. तोटा एकच, याच वेळी आयपॉड लॅपटॉपला चार्जिंगला लावला आणि लॅपटॉप भिंतीत, तर घूंऽऽ असा घरघराट सुरू होतो, अर्थिंग दोन वाटांनी फिरून येतं म्हणून. लॅपटॉपची पिन भिंतीतून काढली की लगेच गप्प.

आवाजांचंच चाललंय तर हेही. मध्ये काही दिवस डॉकमधून अचानक टिर्रर्र टिक-टिक टिर्रर्र यायचं, मला वाटलं आत काहीतरी सुटलं. मग लक्षात आलं की त्यानंतर दोन सेकंदांत आईचा फोन वाजतो. तिचा साधा बटणांचा, २जीवाला, ती तो डॉकशेजारीच ठेवायची. फोन हातभर लांब सरकवला की शांत. आईला मात्र ते आवडायचं, फोन वाजायच्या आधीच कळतं म्हणाली.

रिमोटबद्दल थोडक्यात: आला होता, सीआर२०२५ बटणसेल घातला, चालतो. पुढे, मागे, आवाज. यादीत फिरता येत नाही, म्हणजे अल्बम बदलायचा तर उठायचंच. आणि डॉकच्या नाकासमोर धरावा लागतो, मध्ये उशी आली तरी ऐकत नाही. महिन्याभराने मी तो शोधायचं बंद केलं. पुढचा निळा दिवा रात्री सगळी भिंत निळी करायचा, त्यावर काळी चिकटपट्टी. बॅटरीवर चालतो म्हणतात पण सहा मोठे सेल लागतात, रिचार्जेबल घातले तर १.५ च्या जागी १.२ व्होल्टचे, सहांचे मिळून ९ च्या जागी ७.२ होतात, आणि माझा डॉक तेवढ्यावर जरा मोठा आवाज केला की बंदच पडतो. हळू चालतो. घराबाहेर न्यायचा विचार मी सोडून दिला.

अजून एक, चांगला डॉक आला की जुन्या १२८ केबीपीएसच्या, म्हणजे जागा वाचवायला फार दाबलेल्या, फायली उघड्या पडतात. झांजा पाण्यात बुडवल्यासारख्या. पहिल्या डॉकवर कधी जाणवलं नाही. जवळजवळ दोनशे गाणी परत सीडीवरून घेतली, त्यात आख्खा एक महिना गेला, आणि खरं सांगायचं तर तीनवर ऐकताना मला अजूनही सगळ्यांतला फरक कळत नाही.

सध्याची तक्रार बटणांची. वरचं रबर आता चिकट व्हायला लागलंय, जुन्या मऊ रबराचं होतंच ते, स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं तर काळं निघतं आणि चार दिवस बरं जातं. प्लसचं बटण कधीकधी दाबलं की दोन पायऱ्या चढतो, म्हणजे तीनवरून एकदम पाच, आणि रात्री तेच नको असतं. उघडून साफ करायला हवा. स्क्रू दिसत नव्हते, काल सापडले, खालच्या चार रबरी पायांच्या आत आहेत, त्यातला एक पाय काढताना अर्धा फाटला, म्हणून तिथेच थांबलेय.