बॉस्टनची वाट की बाल्टिमोरची?

धर्मगुरू कमी, मिस्साला (चर्चमधल्या सामूहिक उपासनेला) येणारे विरळ, जुन्या इमारतींची दुरुस्ती डोईजड. अमेरिकेतल्या बॉस्टन आणि बाल्टिमोर या दोन कॅथलिक महाधर्मप्रांतांपुढचा (आर्चबिशपांच्या अखत्यारीतल्या विभागांपुढचा) प्रश्न सारखाच होता. उत्तरं वेगळी निघाली.

बॉस्टनने २०१२ च्या योजनेनुसार शेजारच्या धर्मग्रामांचे, म्हणजे एकेका चर्चभोवतीच्या भाविक-समुदायांचे, गट केले. प्रमुख धर्मगुरू एक, कर्मचारी सामायिक, पण प्रत्येक धर्मग्रामाची ओळख आणि मालमत्ता स्वतंत्र. भाविकांना धीर वाटतो. भार पडतो तो धर्मगुरूवर, कारण हिशेब आणि अर्थसमित्या वेगळ्याच राहतात.

बाल्टिमोरने २०२४ मध्ये शहर-परिसरातले ६१ धर्मग्राम विलीन करून २३ करायचं ठरवलं, उपासनेची ठिकाणं ३०. कारभार सुटसुटीत होतो, हे खरं. पण ज्या चर्चमध्ये आईवडिलांचं लग्न लागलं, मुलांचे बाप्तिस्मे झाले, तिथली रविवारची मिस्सा थांबते. हे दुःख कुठल्याच ताळेबंदात मांडता येत नाही. गरीब वस्तीत तर चर्चसोबत मदतीचा हक्काचा दरवाजाही जाऊ शकतो.

मला आधी गट, अगदीच इलाज नसेल तर विलीनीकरण, हा क्रम पटतो. व्हॅटिकनच्या २०२० च्या निर्देशानुसारही निव्वळ धर्मगुरूंची टंचाई किंवा धर्मप्रांताची आर्थिक ओढाताण हे धर्मग्राम बरखास्त करायला पुरेसं कारण नाही. शिवाय निर्णयाआधी बिशपांनी धर्मगुरूंच्या परिषदेचं मत ऐकणं कॅनन कायद्याने, म्हणजे चर्चच्या स्वतःच्या कायद्याने, बंधनकारक आहे. भाविकांनी आपलं म्हणणं त्या परिषदेपर्यंत वेळेत, लेखी पोचवावं.