नागपूरच्या दीड महिन्याच्या थंडीसाठी विणकामाचं कोणतं पुस्तक घ्यावं?

भाचीचा फोन आला तो तक्रार घेऊनच. "मावशी, त्या व्हिडिओतल्या बाईचे हातच दिसत नाही वं नीट. थांबवा, मागे न्या, परत थांबवा. तेवढ्यात सुईवरचे दोन टाके गळून जाते. एखादं पुस्तकच सांग ना." शेजारच्या काकूंच्या कानावर हे गेलं तशा त्या म्हणाल्या, "पुस्तक कायले पाहिजे? चार दिवस माझ्याजवळ बसव तिले." काकूंचं म्हणणं सोळा आणे खरं, पण भाची मनीषनगरला, काकू धरमपेठेत, आणि मिहानमधल्या ऑफिसातून ही घरी पोचते तेव्हा काकूंची झोपायची वेळ झालेली असते. म्हणजे पुस्तक घेणं आलंच.

माझ्या कपाटात या विषयाची बरीच पुस्तकं साठलीत. बर्डीवरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून उचललेले हिंदी बुनाई विशेषांक, आईचं मुखपृष्ठ हरवलेलं मराठी पुस्तक, आणि वेळोवेळी मागवलेली तीन-चार अमेरिकन पुस्तकं. ती सगळी वापरून, काहींपायी लोकर वाया घालवून झाल्यावर हे लिहितेय.

पण आधी थंडीचं बोलू, कारण पुस्तक चुकतं ते इथेच. 29 डिसेंबर 2018 ला नागपुरात पारा 3.5 अंशांवर उतरला होता, आणि ते आम्ही अजून सांगत फिरतो. पण एरवीचा हिवाळा कसा असतो? पहाटे दहा-बारा अंश, दुपारी अठ्ठावीस. सकाळी सातला फुटाळा तलावावर कानटोपी घालून फिरणारे काका अकरा वाजता स्वेटर खांद्यावर टाकून चहाच्या टपरीवर उभे असतात. अशा हवेला लागतो पातळ, पुढून उघडणारा किंवा बिनबाह्यांचा स्वेटर, ज्याला आपण हाफ स्वेटर म्हणतो. झटकन काढता आला पाहिजे आणि पिशवीत मावला पाहिजे. चकचकीत पुस्तकांच्या मुखपृष्ठावर बर्फात उभी असलेली बाई जो बोटभर जाड, गळाबंद स्वेटर घालते, तो इथे विणलात तर चिखलदऱ्याच्या सहलीपुरता उपयोगी पडेल. किंवा लेक जर्मनीला असेल तर.

आता देशी पुस्तकं. त्यांचा मोठा गुण म्हणजे ती नेमका हाच स्वेटर शिकवतात. हाफ स्वेटर, शाळेचा व्ही गळ्याचा, बाळाचा झबला-टोपडं-मोज्यांचा सेट. लोकर लुधियानाची धरलेली, सुया दुकानात मिळतात त्याच नंबरच्या. भाषेचाही प्रश्न नाही. हे शहर आधी मध्य प्रांताची आणि मग 1956 पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं, अर्ध्या गल्लीत हिंदी चालते. आईच्या पुस्तकात टाके, सुई, सुलट, उलट, दोनाचा एक. विशेषांकात तेच फंदे, सलाई, सीधा, उल्टा, दो का एक. दोन ओळी वाचल्या की जुळतं.

दोष मात्र एकच आहे आणि तो जबरदस्त आहे. विशेषांकातली एक ठरावीक कृती घ्या: छाती 36, बारा नंबरच्या सुईवर 110 टाके घाला, एक सुलट एक उलट करत तीन इंच बॉर्डर विणा, मग दहा नंबरची सुई लावा आणि सुलट-उलट विणत मुंढ्यापर्यंत या. वाचायला किती सोपं! पण इंचाला किती टाके बसले पाहिजेत, हे कुठेच लिहिलेलं नाही. लिहिणारीच्या हातात इंचाला सहा बसत असणार. 110 भागिले सहा म्हणजे सव्वाअठरा इंच पाठ, तेवढाच पुढचा भाग, छाती झाली साडेछत्तीस. माझा हात घट्ट आहे. माझे इंचाला सात बसतात. 110 भागिले सात, पावणेसोळाच्या आत. दोन्ही बाजू मिळून साडेएकतीस. माझा पहिला स्वेटर मी बाबांसाठी विणायला घेतला होता, आणि शेवटी तो आठवीतल्या धाकट्या भावाने घातला. बाबांनी एकदा डोकं घालून पाहिलं, काही बोलले नाहीत.

टाके तेवढेच, सुई तीच, लोकरही तीच, फरक फक्त हाताचा. म्हणून देशी पुस्तक घेतलंत तर त्यातल्या आकड्यांवर विश्वास टाकू नका. आधी चाळीस टाक्यांचा चार-पाच इंच उंचीचा तुकडा विणा, मधल्या भागात पट्टी ठेवून चार इंचांतले टाके मोजा आणि चाराने भागा. ही पायरी बहुतेक विशेषांकांत नसतेच, कारण ते लिहिणाऱ्या बायका काकूंच्या पिढीच्या. हात पाहूनच टाके सांगणाऱ्या.

परदेशी पुस्तकं इथूनच सुरू होतात. माझ्याकडची दोन पुस्तकं एकमेकांसमोर ठेवण्यासारखी आहेत, आणि भाचीला कोणतं द्यावं हा माझा घोळही याच दोघांत होता.

पहिलं एलिझाबेथ झिमरमन यांचं 'निटिंग विदाउट टिअर्स', 1971 चं. बाई जन्माने इंग्रज, संसार अमेरिकेत विस्कॉन्सिनला. या पुस्तकाचा जीव आहे टक्केवारीत. तुमचे इंचाला किती टाके ते एकदा काढा, घेराने गुणा, जो आकडा येईल तो शंभर टक्के. बाकी सगळा स्वेटर त्याच आकड्यातून निघतो. माझ्या हाताने पाहू. इंचाला सात, स्वेटरचा घेर 38 इंच हवा, म्हणजे 266 टाके. मनगटाला त्याचे वीस टक्के, 53. एक सोडून 52 धरा म्हणजे बॉर्डरचे जोड बरोबर बसतात. दंडाला तेहेतीस टक्के, 88. बगलेत आठ टक्के, 21. मानेला चाळीस टक्के, 106. झाला स्वेटर. नमुना पुस्तकातून उतरवायचाच नाही, आपला आपण काढायचा. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला बाबांच्या त्या स्वेटरचं फार वाईट वाटलं होतं.

पण हे पुस्तक नव्या विणणारीच्या हाती द्यावं का? माझं मत, लगेच नको. बाई गप्पा मारत लिहितात. वाचायला मजा येते, पण पायरी एक, पायरी दोन असं काही हाती लागत नाही. त्यांचा सगळा भर गोल विणण्यावर. त्यासाठी लवचीक दोरीने जोडलेली गोल सुई लागते, आणि दुकानात ती मागितली की माझ्यासमोर तर आधी क्रोशाची सुई आली होती. दोरा त्या डाव्या हातात धरतात, आपल्याकडे बहुतेकजणी उजव्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बाईंना खरी मेंढीची लोकर हवी असते. आपण ज्याला लोकर म्हणून आणतो ते बहुतेकदा ॲक्रिलिक असतं. खरी लोकर भिजवून, ताणून वाळवली की आकार धरते. ॲक्रिलिक तसं ऐकत नाही, आणि त्याच्यावर गरम इस्त्री ठेवलीत तर कायमचं लुळं पडतं. पुढून उघडा स्वेटर हवा असला की बाई गोल नळी विणतात, मधोमध मशीनच्या दोन शिवणी मारतात आणि कात्रीने सरळ कापतात! मेंढीच्या लोकरीचे धागे एकमेकांना धरून राहतात. ॲक्रिलिक गुळगुळीत, त्यामुळे शिवण सैल राहिली तर टाके पळतात. मी एकदा कापलाय. दोनऐवजी चार शिवणी मारल्या होत्या, आणि तरी कात्री लावताना घरातल्या सगळ्यांना खोलीबाहेर काढलं होतं.

दुसरं अॅन बड यांचं 'द निटर्स हँडी बुक ऑफ स्वेटर पॅटर्न्स', 2004 चं. इथे गप्पा नाहीत, तक्ते आहेत. आपले इंचाला किती टाके ते शोधायचं, छातीचं माप शोधायचं, रेल्वेच्या वेळापत्रकासारखं बोट सरकवत दोन्ही जिथे भेटतात तिथला आकडा घ्यायचा. लहान मुलांपासून मोठ्यांपर्यंत मापं, आणि साध्या खांद्यापासून रॅगलनपर्यंत, म्हणजे बाही तिरकी थेट मानेपर्यंत जाते तो, स्वेटरचे सहा मूळ प्रकार. हाफ स्वेटर हवा? बसवलेल्या बाहीचा तक्ता घ्या, बाही विणूच नका, मुंढ्याला टाके उचलून बॉर्डर करा. पुस्तक उघडं ठेवलं की उघडं राहतं, आपोआप मिटत नाही. दोन्ही हात सुयांत अडकलेले असताना याचं मोल कळतं. वाचायला रुक्ष आहे, हे खरं. झोपताना कोणी हातात घेणार नाही. पण ज्या बाईला शनिवारी बसून रविवारी पाठ संपवायची आहे, तिच्यासाठी झिमरमनबाईंपेक्षा हेच.

दोन्हींत एक सापळा आहे तो सुयांच्या नंबरांचा, आणि हा सांगितल्याशिवाय कोणाला कळत नाही. आपल्याकडच्या सुयांना जुने ब्रिटिश नंबर. आकडा वाढला की सुई बारीक होते. अमेरिकन नंबर उलटे, आकडा वाढला की सुई जाड. आपली आठ नंबर 4 मिलिमीटरची, त्यांची आठ 5 ची. आपली दहा सव्वातीन मिलिमीटर, त्यांची दहा चक्क 6! अमेरिकन कृतीतली दहा नंबर वाचून दुकानातून दहा नंबर आणलीत तर स्वेटर बाहुलीला होईल. म्हणून नंबर सोडा, मिलिमीटर पाहा. लोकरीचंही तसंच. फोर प्लाय, म्हणजे चार पदरी, म्हटलं की ब्रिटिश पुस्तकात ती बारीक, जुन्या अमेरिकन पुस्तकात बऱ्यापैकी जाड. तुकडा विणून पाहण्याला पर्याय नाही.

शाळेत जाणारं मूल घरात असेल तर आणखी एक नाव, बार्बरा वॉकर यांचं 'निटिंग फ्रॉम द टॉप', 1972. यात स्वेटर मानेपासून खाली विणतात. मधेच मुलाच्या अंगावर चढवून पाहता येतो. आणि पुढच्या वर्षी पोरगं चार बोटं वाढलं की खालची बॉर्डर उसवून तेवढाच तुकडा वाढवायचा, बाह्यांचंही तेच. खालून वर विणलेला स्वेटर खालच्या काठाने असा सरळ उसवत नाही, पाहा करून. लोकरीची एक गुंडी त्याच रंगाची बाजूला ठेवून द्या, नाहीतर पुढच्या वर्षी तोच मरून रंग मिळत नाही.

आयर्लंडच्या अरन बेटांचे दोरखंडासारखे पीळदार केबल, शेटलंडचे रंगीत फेअर आयल, यांची मोठी देखणी पुस्तकं मिळतात. घ्या, पण पाहायला. केबलला टाके एकमेकांवर चढतात, फेअर आयलमध्ये मागून दुसरा धागा चालतो, दोन्हीने स्वेटर जाड होतो. नुसत्या नक्ष्यांचे जाड संग्रह तर पहिला स्वेटर संपल्याशिवाय उघडूही नयेत. नक्षी निवडण्यातच हिवाळा जातो.

पैशाचं म्हणाल तर नव्या परदेशी पुस्तकाच्या किमतीत एका हाफ स्वेटरची लोकर सहज येते, विशेषांक जुन्या बाजारात चहा-पोह्यांच्या भावात. सुलट-उलटसुद्धा येत नसेल तर विशेषांक घ्या आणि पहिले दोन दिवस घरातल्या एखाद्या काकूंजवळ बसा. टाके घालणं कोणत्याच पुस्तकातून नीट कळत नाही, चित्रातले बाण पाहून तर मुळीच नाही. मफलर विणून झाला असेल तर बड. दोन-तीन स्वेटर झाले आणि दुसऱ्याच्या आकड्यांचा कंटाळा आला की झिमरमन.

भाचीला मी बडचं पुस्तक वापरायला दिलं आणि बर्डीवरून एक विशेषांक घेऊन दिला, त्यातला गळा तिला आवडला म्हणून. तुकडा विणून झालाय. तिचे इंचाला साडेसहा येताहेत, तर सहाचा रकाना धरू की साताचा, असं विचारत होती. मी म्हटलं, जरा जाड, नऊ नंबरची सुई आण आणि आणखी एक तुकडा विण. ती हसली नाही.